ते धूड जिन्यावरून उतरवणार कोण?

प्रश्न थोडक्यात : ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी ३१ वर्षांची वाचक लिहिते, की तिची मुलगी पाच महिन्यांची आहे आणि गणपती झाले की तिला ऐरोलीच्या ऑफिसात पुन्हा रुजू व्हायचंय. दिवसभर बाळ सासूबाईंकडे राहील. सासूबाई ६३ वर्षांच्या, गुडघे दुखतात. इमारतीला लिफ्ट नाही. रीडेव्हलपमेंट 'पुढच्या वर्षी' होणार, असं गेली तीन वर्षं ऐकतायत. नवऱ्याने २८,००० रुपयांची, कारसीटसकट येणारी बाबागाडी पसंत करून ठेवली आहे. घरात कार नाही, स्कूटर आहे. पुण्याची नणंद तिच्या मुलाची जुनी प्रॅम द्यायला तयार आहे, पण ती 'जुनाट आणि जड' आहे. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी होतं का हे? पोरं कडेवरच वाढली. गाडीत बसवून ठेवलं की चालायला उशीर करतात. आणि ते धूड जिन्यावरून उतरवणार कोण?" सासरे यात पडत नाहीत. ते संध्याकाळी तलावपाळीवर मित्रांत जाऊन बसतात. वाचक विचारते : महिनाभर रात्री जागून रिव्ह्यू वाचले, डोकं भणभणलंय. नेमकी कुठली घेऊ? सासूबाईंना कसं पटवू? आणि कडेवरची झोळी घेतली तर?

प्रिय मैत्रिणी,

पत्रात मला 'ताई' म्हणालीस, तेव्हा एकेरीतच लिहिते.

तुझं निम्म्याहून जास्त पत्र गाड्यांवर आहे. कुठलीची फ्रेम ॲल्युमिनियमची, कुठलीला कप ठेवायची सोय, कुठलीचं छत किती खाली येतं, सगळं लिहिलंस. सासूबाईंचं बोलणं मात्र शेवटी, चिडून, टोमणे म्हणून उतरवलंस. मी ते पुन्हा वाचलं. आधीची वाक्यं आहेत टोमणेवजा, त्यांच्याकडे नंतर येऊ. शेवटचं तसं नाही. 'ते धूड जिन्यावरून उतरवणार कोण?' आख्ख्या पत्रात गाडीबद्दलचा खरा प्रश्न हा एवढाच आहे, आणि त्याचं उत्तर तुझ्याकडेही नाही, तुझ्या नवऱ्याकडेही नाही. महिनाभर रिव्ह्यू वाचून मिळालं नाही, कारण रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी तुझा जिना पाहिलेला नाही.

माझंच सांगते. मुलगा झाला तेव्हा आम्ही चरईत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. माहेरून हौसेने निळी प्रॅम आली. झालर लावलेली, पुढे खुळखुळे लटकणारी. पहिल्या आठवड्यात चारदा खाली उतरली. दुसऱ्या आठवड्यात एकदा. मग ती गॅलरीत गेली आणि तिच्यात कांदे-बटाटे राहायला लागले. हवेशीर जागा, त्यामुळे कांदे छान टिकायचे. त्या प्रॅमचा उपयोग माझ्या मुलापेक्षा कांद्यांनीच जास्त केला. प्रॅम वाईट नव्हती बरं का. खाली मैदानात ती लोण्यासारखी चालायची. आमचा संसार मैदानात नव्हता, एवढंच.

तेव्हा आधी वजनाचा हिशोब मांड. नवऱ्याने पसंत केलेल्या प्रकारच्या गाड्या कारसीटसकट बारा-चौदा किलोच्या घरात जातात. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस भरतात तो १४.२ किलो, म्हणजे जवळपास तेवढंच. मधल्या गाड्या आठ-नऊ किलोच्या, हलक्या पाच-सहाच्या. तुझी लेक आत्ता साधारण साडेसहा-सात किलोची असेल, वर्षाची होईतो नऊच्या आसपास जाईल. मजल्याला अठरा-वीस पायऱ्या धर. पन्नास-साठ पायऱ्या, एका कडेला मूल, दुसऱ्या हातात गाडी, खांद्याला दूध-लंगोटांची पिशवी. पावसाळ्यात जिना ओला. कठड्याला धरायला हात कुठला उरला?

हे तू करू नकोस आणि सासूबाईंना तर अजिबात करू देऊ नकोस. मूल आणि गाडी एकाच माणसाने एका खेपेत जिन्यावरून न्यायची नाही, मग गाडी कितीही हलकी असो. आणि मुलाला गाडीत बसवून दोघांनी पुढून-मागून उचलायची युक्ती बरेच जण करतात, तीही नको. पुढचा दांडा बऱ्याच गाड्यांत काढता-घालता येणारा असतो. तो उचलण्यासाठी केलेला नसतो. ऐन जिन्यात हातात आला तर पुढचं बोलायलाच नको.

मग गाडी राहणार कुठे? माझं म्हणणं, खाली. एकदा जिन्याखालची जागा डोळे उघडे ठेवून बघून ये. कोपऱ्यात कोणाची तरी पंक्चर सायकल असेल, जुना दरवाजा असेल, गेल्या गणपतीचं मखर असेल. सेक्रेटरींशी बोल, तळमजल्यावर कोण राहतं त्यांच्याशी बोल. मीटर बॉक्ससमोर आणि येण्याजाण्याच्या वाटेत ठेवायची नाही, एवढं पाळलंस तर लहान मुलाच्या गाडीला सहसा कोणी नाही म्हणत नाही. सायकलला लावतात ती साखळी लाव, वर जुनी चादर टाक. चादर धुळीसाठी नाही, मांजरांसाठी. बाबागाडीइतकी मऊ, कोरडी आणि उबदार जागा आख्ख्या इमारतीत मांजराला दुसरी मिळत नाही.

आता ही जागा मिळते का नाही, यावर तुझा पुढचा सगळा निर्णय आहे. मिळाली, तर तुझ्या नणंदेची 'जुनाट आणि जड' प्रॅम एकदम शहाणी ठरते. जी वर-खाली करायचीच नाही तिचं वजन किती का असेना. उलट जड गाडीची चाकं मोठी असतात, आणि तुमच्या भागात मोठी चाकंच लागतात. शिवाय जिन्याखाली फुकटची गाडी ठेवली तर रात्री झोप लागते. २८,००० ची ठेवलीस तर तीनदा उठून खिडकीतून बघशील.

फक्त ती गाडी नीट तपासल्याशिवाय आणू नकोस. नणंदेला व्हिडिओ कॉलवर ती उघडून, घडी घालून, पुन्हा उघडून दाखवायला सांग. उघडल्यावर कुलूप 'खट्' करून बसतंय का, की दाबल्यावर घडी परत मिटायला बघते? ब्रेक लावून ढकलली तर मागची दोन्ही चाकं थांबतात का? पट्टे पाच ठिकाणचे हवेत : दोन खांद्यांवरून, दोन कमरेला आणि एक पायांमधून. जुन्या प्रॅमना बऱ्याचदा नुसता कमरेचा पट्टा असतो, त्यातून वर्षाचं पोर पुढे घसरतं किंवा उभं राहतं. प्लॅस्टिकच्या सांध्यांना तडे गेलेत का, स्क्रूऐवजी कुठे तार गुंडाळली आहे का? यातलं काही बिघडलेलं असेल, तर 'असू दे, चालतंय' म्हणू नकोस. नणंदेला वाईट वाटेल, पण वन्संचं वाईट वाटणं चार दिवसांचं असतं.

खाली जागा मिळालीच नाही, तर मग नवी घे, हलकी, सहा किलोच्या आतबाहेरची. आणि एक अट : पाठ जवळपास सपाट होणारी. तुझी लेक पाच महिन्यांची, मान धरत असेल पण आधाराशिवाय बसत नसेल. छत्रीसारख्या मिटणाऱ्या अगदी हलक्या गाड्यांत पाठ उभीच राहते. त्या नीट बसायला लागलेल्या मुलांसाठी. साधारण पाच ते दहा हजारांत पाठ सपाट होणारी, बरी गाडी मिळते. त्याच्या वरचा पैसा बहुतेक नावाचा, कापडाचा आणि दिसण्याचा.

छत्रीगाडीवरून आठवलं. ही मिटणारी हलकी गाडी पहिल्यांदा काढली ती १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन या इंग्लंडमधल्या गृहस्थाने. त्याने स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलं होतं. विमानाची चाकं उडताना मिटून पोटात जातात, उतरताना बाहेर येतात. तेच डोकं त्याने बाबागाडीला लावलं आणि तीनेक किलोची ॲल्युमिनियमची गाडी केली. पण मी हे सांगतेय ते एवढ्यासाठी, की तेव्हा हा माणूस तरुण बाप नव्हता. आजोबा होता. लेकीला प्रवासात जड प्रॅम ओढताना होणारा त्रास बघून त्याने हे केलं.

तुझ्या पत्रातले आजोबा कुठे आहेत? एका ओळीत येतात आणि तलावपाळीवर जाऊन बसतात. रोज संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरून उतरतात, मासुंदा तलावापर्यंत चालतात आणि पुन्हा चढून येतात, म्हणजे त्यांचे गुडघे बरे आहेत! तू, नवरा, नणंद, सासूबाई, चौघांनी मतं दिली, आणि ज्यांच्या पायाखालचा तो रोजचा रस्ता आहे त्यांना कोणी विचारलंच नाही. 'यात पडत नाहीत' हे त्यांनी ठरवलं की घराने, ते मला माहीत नाही. आपल्याकडे बाळाचं सगळं बायकांचं, आणि पुरुषांनी फक्त गाडीची किंमत द्यायची, ही वाटणी इतकी मुरलेली असते की आजोबांना काम सांगायचं सुचतच नाही. एकदा सरळ सांगून बघ : "बाबा, संध्याकाळी जाताना हिला खाली घेऊन जाता का? आई मागून सावकाश उतरतील." बाळ त्यांच्या एका हातात, दुसरा हात कठड्याला, गाडी खाली तयार. सासूबाईंना नुसतं स्वतःला उतरवायचं आणि मग गाडीच्या दांड्याला धरून चालायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला धरायला काही असलं की बरंही वाटतं. पण गाडी ही काठी नव्हे, हे त्यांना सांगून ठेव. दांड्यावर सगळा भार टाकला तर गाडी मागे कलंडते. त्याच कारणाने दांड्याला भाजीची पिशवी अडकवायची नाही. जांभळी नाक्याहून परतताना चार किलो बटाटे दांड्याला लटकवले आणि तेवढ्यात मूल उचललं, की गाडी शेपटीवर बसते. आणि मूल उचलायच्या आधीच बसली तर मुलासकट. सामान खालच्या जाळीत.

आता रस्ता. या रविवारी गाडी नाही, बाळ नाही, नुसती तू घरापासून तलावपाळीपर्यंत चालून ये. खाली बघत चाल. फुटपाथ कुठे सुरू होतो, त्याची पायरी किती उंच आहे, कुठे दुचाक्या लावल्यामुळे खाली उतरावं लागतं, कुठे पेव्हर ब्लॉक बसलेत किंवा उखडलेत, गटाराच्या जाळीच्या फटी चाकापेक्षा रुंद आहेत का. गोखले रोडवर संध्याकाळी सहा वाजता गाडी ढकलायची म्हणजे काय, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. राम मारुती रोडवर दिवाळीत तर नावच काढू नकोस. तुला बहुधा दिसेल की सरळ रस्त्यापेक्षा आतल्या गल्लीतून दोन मिनिटं जास्त चालून जाणं सोपं आहे. धुरासाठीही तेच बरं. गाडीतल्या मुलाचं नाक रिक्षाच्या नळकांड्याच्या जवळपास उंचीवर असतं, आपलं त्याच्या कितीतरी वर. भर रहदारीत सिग्नलला थांबायचं तर गाडी कडेपासून दोन पावलं मागे घेऊन थांबावं.

हे बघून आलीस की चाकांचं आपोआप ठरेल. बारीक, कडक प्लॅस्टिकची जोडचाकं मॉलच्या फरशीवर भिंगरीसारखी फिरतात आणि पेव्हर ब्लॉकच्या फटीत रुतून बसतात. दुकानाची फरशी ही मॉलचीच फरशी, तेव्हा तिथे सगळ्याच गाड्या छान वाटतात. दुकानदाराला सांगून गाडी बाहेर रस्त्यावर नेऊन ढकल. रिकामी नाही. घरून पाच किलो तांदूळ आणि दोन किलो साखर पिशवीत घालून ने आणि ती गाडीत बसव. लोक हसतील, हसू देत. सात किलो बसल्यावर गाडी वळते का, उंबरठा चढवताना पुढचं चाक उचलायला किती जोर लागतो, ते तुला कळेल. पुढची चाकं सगळीकडे फिरणारी असावीत, पण खडबडीत रस्त्यावर ती सरळ अडकवून ठेवायची खिट्टीही असावी.

दुकानात तुला आणखी एक गंमत दाखवतील : दांडा उलटा करून मूल आपल्याकडे तोंड करून बसवता येतं. कल्पना छान आहे, लहान बाळाला आजीचं तोंड दिसत राहिलेलं बरंच असतं. पण नुसता दांडा फिरवणाऱ्या गाडीत दांडा उलटा केला की फिरणारी चाकं तुझ्याकडे येतात आणि न फिरणारी पुढे जातात. मग ती गाडी वळवणं म्हणजे ट्रक रिव्हर्स घेणं. काही गाड्यांत दांडा तसाच राहून बैठकच उचलून फिरवता येते, ती चाल चांगली, पण अशा गाड्या सहसा जड आणि महाग. दोन्ही फिरवून बघितल्याशिवाय या सोयीचे पैसे देऊ नकोस.

घडी घालताना मूल हाताशी नको. १ फुटावरही नको. २००९ मध्ये मॅक्लारेनच्याच नावाच्या कंपनीला अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्यांसाठी सांध्यावर बसवायची झाकणं द्यावी लागली, कारण घडी उघड-मीट करताना सांध्यात मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या बारा घटना नोंदल्या गेल्या होत्या. विमानाचा इंजिनीअर असला तरी सांधा तो सांधाच. घेताना सांधे झाकलेले आहेत का ते बोट फिरवून बघ, आणि घरात नियम कर : मूल आधी दुसऱ्याच्या कडेवर, मग घडी.

आता नवऱ्याच्या पसंतीबद्दल, कारण ती मी एका फटक्यात उडवली असं व्हायला नको. कारमधून नेताना मुलाला कारसीट लागतेच, मांडीवर घेऊन बसणं सुरक्षित नाही. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटने न बांधता नेलं तर १,००० रुपये दंडही आहे. तुमच्याकडे कार असती आणि लिफ्ट असती, तर त्याची निवड मी मोडीत काढली नसती. उद्या कार घ्याल तेव्हा आधी सीट घ्या. पण आज त्या सीटसाठी गाडीच्या किमतीत पैसे मोजणं आणि ती तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवणं, याला अर्थ नाही. नवऱ्याला हे सांगताना एवढं लक्षात ठेव, की बऱ्याच बापांना बाळासाठी नेमकं काय करावं ते कळत नाही आणि मग ते वस्तू शोधतात. त्याला जिन्याखालच्या जागेचं काम दे. सेक्रेटरींशी बोलणं, साखळी आणणं, गाडीच्या चाकांना तेल घालणं. आणि स्कूटरवर बाळ अजून नकोच. चार वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दुचाकीवर पट्ट्याचा आणि ताशी ४० किलोमीटरच्या मर्यादेचा नियम आहे, पण नियमात बसतं म्हणून घोडबंदर रोडवर न्यावंच असं नाही.

सासूबाईंची उरलेली वाक्यं. 'पोरं कडेवरच वाढली' हे खरं आहे, आणि वाढवणाऱ्यांच्या कमरा त्यात गेल्या हेही खरं आहे. त्यांचे गुडघे त्याच वाक्याचा पुढचा भाग आहेत. 'चालायला उशीर करतात' यात मात्र त्या अर्ध्या बरोबर आहेत. गाडीत बसल्याने मूल चालायला उशीर करतं असं नाही. पण तासन् तास बांधून ठेवलेलं मूल जमिनीवर पालथं पडत नाही, सरपटत नाही, आणि त्यातूनच तर सगळं येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय, की वर्षाखालच्या मुलाला एका वेळी एका तासापेक्षा जास्त बांधून ठेवू नये. गाडीत नाही, खुर्चीत नाही, आणि पाठीला बांधूनही नाही. हे सासूबाईंना वाचून दाखव. 'बघ, मी सांगत होते' असं म्हणायची संधी त्यांना मिळू दे. तुझं काही जात नाही.

झोपेचंही सांगते, कारण आज्या इथे फसतात. गाडीत फिरताना मूल झोपतं, आणि मग 'उठेल' म्हणून तसंच ठेवलं जातं. बसती पाठ असेल तर झोपेत मान पुढे पडून श्वासाला अडथळा येऊ शकतो. तुझी लेक अजून लहान आहे. झोपली की घरी आणून सपाट गादीवर पाठीवर ठेवायची. गाडी ही पाळणा नव्हे. पाळणा तुमच्याकडे असेलच.

दोन गोष्टी आपल्या हवेसाठी. ऊन लागतं म्हणून गाडीवर ओढणी किंवा दुपटं टाकायचं नाही. आत वारा थांबतो आणि भट्टी होते, बाहेरून आपल्याला कळतही नाही. छत पुढे ओढावं, सावलीतून जावं, एप्रिल-मेमध्ये दुपारी जाऊच नये. पावसाळ्यात प्लॅस्टिकचं आवरण घ्यायचं तर बाजूला हवेची भोकं असलेलं, आणि थांबलात की ते उघडायचं. मच्छरदाणी मात्र तलावाकाठी रोज लाव, डेंग्यूचे दिवस आहेत. कापड काढून धुता येणारं हवं. ठाण्याच्या पावसात न धुता येणारी गादी ऑगस्टपर्यंत बुरशीने काळी पडते, आणि तो वास मग काही केल्या जात नाही.

कडेवरच्या झोळीचं, म्हणजे बेबी कॅरिअरचं, तू शेवटी विचारलंस. तुझ्यासाठी आणि नवऱ्यासाठी उत्तम. जिना, रिक्षा, लोकल, तिन्ही ठिकाणी गाडीपेक्षा बरी. बाळाचं नाक-तोंड मोकळं, हनुवटी छातीला टेकलेली नाही, आणि मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार, एवढं बघायचं. सासूबाईंसाठी नाही. सात किलो पुढे बांधून पायऱ्या उतरताना पाय दिसत नाहीत. कितीतरी घरांत एक कॅरिअर आणि खाली एक जुनी प्रॅम एवढ्यावर सगळं भागतं.

तुझ्यासारखं विचारणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये, लिफ्ट आणि पोडियम असलेल्या सोसायटीत राहत असाल, तर वजन विसरा. लिफ्टचं दार टेपने मोजा. जुळ्यांच्या शेजारी-शेजारी बसायच्या गाड्या नेमक्या तिथेच अडतात. वाशी-नेरुळच्या सिडकोच्या चार मजली इमारतींत राहणाऱ्यांना वरचं जिन्याचं सगळं लागू आहे, पण रस्ते त्यामानाने रुंद. खारघरला सेंट्रल पार्कच्या जवळ राहणाऱ्याने खुशाल मोठ्या चाकांची गाडी घ्यावी. आणि कुठेही राहत असाल, सरकत्या जिन्यावर गाडी चढवू नका, स्टेशनवर नाही, मॉलमध्ये नाही. लिफ्ट शोधा, उशीर होऊ दे. लोकलने जायचंच असेल तर गर्दीची वेळ टाळून, घडी घातलेली गाडी एकाकडे आणि मूल दुसऱ्याकडे.

रीडेव्हलपमेंटचं मनातून काढून टाक. 'उद्या टॉवरमध्ये जाऊ तेव्हा उपयोगी पडेल' म्हणून आज मोठी गाडी घेऊ नकोस. तुझी लेक वर्ष-सव्वा वर्षाची होईतो चालायला लागेल आणि गाडीत बसायला नाही म्हणेल. तुझा बिल्डर त्याआधी येईल असं मला तरी वाटत नाही.

राहिलं 'सासूबाईंना कसं पटवू'. त्यांना काय पटवायचं, तू आणि तुझा नवरा नऊ ते सहा बाहेर. गाडी ढकलणार त्या. मूठ त्यांच्या हातात बसायला हवी, दांडा त्यांच्या कोपराच्या खाली यायला हवा, नाहीतर रोज वाकून चालतील आणि गुडघ्याबरोबर पाठही धरेल. ब्रेक विशेष बघायचा. कित्येक गाड्यांत तो सोडवताना पायाच्या बोटांनी वर उचलावा लागतो. दुकानात आपण बूट घालून जातो, घरून निघताना आजी चपला घालून निघते, आणि उघड्या अंगठ्याच्या नखावर ती पट्टी रोज बसते. दाबलं की लागतो आणि पुन्हा दाबलं की सुटतो, असा ब्रेक हवा.

नणंद गणपतीला येणार असेल तर गाडी तिच्याबरोबरच मागव, खाली उघडून ठेव, तांदळाची पिशवी आत बसव आणि मग वर जाऊन सांग : "आई, जरा खाली येता का? तुम्हाला जमते का बघू, नाहीतर दुसरी घेऊ. आणि चपला घालूनच या, ब्रेक तुमच्याच पायाने लावून बघायचाय."